लाकूड वाळू दे

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. टाउनहाउसच्या वसाहतीतले सगळे डेक, म्हणजे घरांना लागून असलेले लाकडी ओटे, एका कंत्राटात मिळत आहेत, मात्र प्रत्येक डेक सकाळी धुऊन त्याच दुपारी स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा तेलाचा रंग, मारून संपवायचा अशी व्यवस्थापन कंपनीची अट आहे. आणि हा वेग गाठण्यासाठी कर्ज काढून ४००० पीएसआयचे (पीएसआय म्हणजे पाण्याच्या दाबाचे माप) जोराच्या पाण्याने धुणारे यंत्र घ्यावे का, असे तू विचारले आहेस. श्रमाच्या कामात कमीपणा नसतो वगैरे सांगण्यात मी शाई घालवत नाही. ते तुला पटलेले नसते तर न्यू जर्सीच्या जुलैमधल्या दमट उन्हात तू गुडघ्यांवर बसून कठड्याच्या पट्ट्या घासल्याच नसत्यास.

यंत्राचे उत्तर सोपे आहे, ते आधी देतो. घेऊ नकोस. आपल्या भागातले बहुतेक डेक दाबप्रक्रिया केलेल्या, म्हणजे सडू नये म्हणून दाबाने औषध भरलेल्या, सदर्न यलो पाइनचे आहेत, आणि त्या मऊ लाकडाला ५०० ते ६०० पीएसआय पुरतात. आयपेसारखे कठीण लाकूड असेल तर हजाराच्या थोडे वर. चार हजारांचा जोर काँक्रीटसाठी असतो. तो पाइनवर वापरलास तर लाकडातला वसंतातल्या वाढीचा मऊ भाग धुपून जातो, कठीण भागाचे कंगोरे वर राहतात, आणि पुढच्या आठवड्यात अनवाणी फिरणाऱ्या मुलांच्या तळव्यांत कुसळे घुसतात. अरुंद, तिखट धार सोडणारे लाल आणि पिवळे नोझल डेकच्या कामाला गाडीतून काढूच नकोस. धार रुंद पसरवणारे पांढरे चाळीस अंशांचे, फार तर हिरवे पंचवीस अंशांचे लाव, फळीपासून फूटभर अंतर ठेव, लाकडाच्या रेषेच्या दिशेने लांब हात फिरव आणि सुरुवात व शेवट करताना गन हळूच उचलत जा, म्हणजे फळीवर पट्टे उमटत नाहीत.

मळ काढायचे काम पाण्याच्या जोराचे नाही, रसायनाचे आणि सबुरीचे आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी लाकडाचे तंतू बांधून ठेवणारे लिग्निन मोडते आणि वर करडे, मेलेले तंतू उरतात; ते आणि बुरशी सोडवायला सोडियम परकार्बोनेटचे द्रावण पंधरा-वीस मिनिटे ओले ठेवून ब्रशने घासले की हलक्या पाण्याने निघून जातात. मग ऑक्झॅलिक आम्लाचा एक हात दिला की क्षार मारला जातो आणि खिळ्यांभोवतीचे काळे डागही उतरतात. जुना स्टेन काढायचा असेल तर सोडियम हायड्रॉक्साइडचा स्ट्रिपर वापर. कपडे धुण्याच्या ब्लीचवर डेक चमकवणारे ठेकेदार तुला भेटतील. त्यांची चमक महिनाभर टिकते आणि लाकूड कापसासारखे पिंजते. कामाच्या आधी आणि नंतर झाडे भरपूर पाण्याने भिजव, आणि धुतलेले पाणी रस्त्याकडेच्या गटारात जाऊ देऊ नकोस, कारण ते थेट ओढ्यात जाते.

इथे एक अपवाद आहे आणि तो जिवाशी संबंधित आहे. २००४ च्या आधी बांधलेला डेक असेल तर तो क्रोमियम, तांबे आणि आर्सेनिक यांच्या मिश्रणाने प्रक्रिया केलेल्या लाकडाचा असण्याची शक्यता धर. घरगुती वापरासाठी ते लाकूड तयार करणे २००३ च्या अखेरीस थांबले. अशा डेकवर वर सांगितलेली रसायने वापरायची नाहीत, कारण त्यांनी क्रोमियमचे विषारी रूप तयार होऊ शकते. सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढेच वापरायचे. पॉलिशपेपर मारायचा नाही, आणि काढलेला एक तुकडासुद्धा जाळायचा नाही. डेक कधी बांधला हे विचारल्याशिवाय भाव सांगू नकोस.

आता मुख्य गोष्ट. लाकूड वाळू दे. तुझ्या पत्रात यंत्राबद्दल पानभर आहे आणि वाळण्याबद्दल एक ओळही नाही, हे वाचून मला राग आला, तो लपवत नाही. धुतल्यानंतर लाकडाची छिद्रे उघडलेली असतात आणि त्यांत पाणी भरलेले असते. पाणी जिथे बसले आहे तिथे तेल शिरत नाही. मग तो स्टेन वरच पातळ पापुद्र्यासारखा बसतो. ऊन पडले की आतली वाफ बाहेर यायला वाट शोधते आणि पापुद्रा उचलून टाकते. अर्धवट वाळलेल्या कुरडया डब्यात भरल्या की वरून खुटखुटीत दिसतात आणि आतून बुरसतात, तसेच हे आहे. ग्राहकाला ते पुढच्या वसंतात दिसते, आणि तोवर तुझा धनादेश वटलेला असतो. म्हणूनच ही अट घालणाऱ्याला ती परवडते आणि ज्या घरातली माणसे त्या डेकवर राहणार आहेत त्यांना परवडत नाही.

हाताला कोरडे लागते यावर जाऊ नकोस. ओलावा मोजायचे दोन सुयांचे मीटर घे आणि सुया लाकडाच्या रेषेला समांतर टोच. मधल्या, उन्हातल्या फळीवर १२ टक्के दिसतील आणि तुझा हात आपोआप डब्याच्या झाकणाकडे जाईल. तेव्हा थांब. उत्तरेकडच्या भिंतीलगतची फळी मोज. जिथे वर्षभर कुंडी होती तो गोल मोज. पायऱ्यांच्या फळ्यांची कापलेली टोके मोज, कारण लाकूड सगळ्यांत जास्त पाणी टोकातून पिते. त्याच डेकवर तिथे २२ दिसलेले मी पाहिले आहे. सगळीकडे १५ च्या खाली आल्याशिवाय डबा उघडायचा नाही. त्याला चांगल्या उन्हात दोन दिवस लागतात, सावलीतल्या डेकला चार, आणि मध्ये पाऊस आला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. नवे प्रक्रिया केलेले लाकूड तर कारखान्यातूनच ओले येते. त्यावर पाण्याचे चार थेंब टाक, ते शोषले जात नसतील तर त्याला आणखी काही आठवडे तसेच राहू दे. ग्राहक काय म्हणेल, शनिवारी त्याच्याकडे पाहुणे आहेत का, तुझा हप्ता कधी आहे, यांतले काहीही लाकडाला कळत नाही. लाकूड वाळू दे.

तू म्हणशील, काकांना बोलायला काय जाते, त्यांच्या धंद्याचा जम बसलेला आहे. म्हणून हेही ऐक. माझा एक भागीदार होता. आम्ही दोघांनी एकाच जुन्या व्हॅनवर सुरुवात केली होती, आणि गन धरण्यात तो माझ्याहून सरस होता. अशाच एका वसाहतीच्या कामात, अशाच अटीवर, मी डबे उघडायला नकार दिला. दोन दिवसांच्या विलंबापायी ते कंत्राट गेले आणि त्यामागोमाग भागीदारही गेला. आज त्याच्या गाड्यांचा ताफा आहे आणि माझ्या दारात एकच गाडी उभी असते. मुलांच्या कॉलेजच्या वर्षांत हात आखडला होता, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. मला खंत आहे, ती त्या माणसाशी नंतर बोललो नाही याची. घरी जाऊन चहा पीत शांतपणे समजावण्यासारखी गोष्ट होती, आणि मी ती अंगणात, कामगारांसमोर, तोडून बोललो. त्यानेही फोन केला नाही, मीही केला नाही, आणि वर्षे गेली. नकार मात्र मी आजही तसाच देईन. त्या सुमारास मी धरलेले ग्राहक अजून माझेच आहेत. त्यांच्या घरांना नवे मालक आले तरी जुने मालक जाताना माझा नंबर ठेवून जातात. मला हेकेखोर म्हणणारे आपल्या मंडळातही पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी एकानेही कधी खरवडणी हातात घेऊन दुसऱ्याचा उचललेला पापुद्रा फळीफळीवरून काढलेला नाही. मी असे डेक खरवडले आहेत. स्टेन नखाने उचलला जातो, आणि खालची फळी काळपट आणि ओलसर असते. ते पाहिल्यावर माणूस एक तर हट्टी होतो किंवा धंदा बदलतो.

तुझ्या बाबतीत धंदा बदलायची वेळ नाही. तुझा हात चांगला आहे. तुझ्या काकूने शेजारचा डेक पाहून मला तेच सांगितले, आणि ती सहसा कोणाची स्तुती करत नाही. म्हणूनच एवढे कडक लिहितो आहे.

वाळण्याचे दोन दिवस रिकामे असतात असेही समजू नकोस. धुऊन झाल्यावर डेकच्या खाली जा. घराच्या भिंतीला डेक ज्या आडव्या फळीने धरलेला असतो, ती लेजरची फळी नुसत्या खिळ्यांवर आहे की बोल्ट आहेत ते पाहा. डेक कोसळतात ते बहुधा तिथून. तिच्या वर पाणी अडवणारा पत्रा आहे का, जॉइस्टमध्ये, म्हणजे फळ्यांखालच्या आडव्या तुळयांमध्ये, स्क्रूड्रायव्हर सहज घुसतो का, कठडा हलतो का, हे तपास आणि घरमालकाला लेखी कळव. सडलेल्या डेकवर सुंदर स्टेन मारून पैसे घेणे मला मान्य नाही आणि तुलाही नसावे. उरलेल्या वेळात दुसरीकडचे धुण्याचे काम घे. चार डेक फिरते ठेवलेस तर एकही दिवस वाया जात नाही आणि एकाही डेकवर घाई होत नाही. तुला हवा असलेला वेग इथून येईल, यंत्रातून येणार नाही.

स्टेनच्या दिवशीची एक सूचना: तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून गाडीत टाकू नकोस. त्या स्वतःच्या उष्णतेने पेट घेतात. मोकळ्या जागी एकेक पसरून वाळव, किंवा पाणी भरलेल्या, झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेव.

कंपनीला आता असे लिही. न्यू जर्सीत ५०० डॉलरच्या वरचे घराच्या दुरुस्ती-सुधारणेचे कंत्राट लेखी असावे लागते आणि त्यात काम सुरू होण्याची व संपण्याची मुदत द्यावी लागते. तर मुदत एका दिवसाची न देता डेकच्या प्रत्येक गटाला आठवडा दे, आणि शेजारी कलम घाल की स्टेन लावण्यापूर्वी डेकच्या सावलीतल्या भागात आणि पायऱ्यांच्या टोकांना ओलावा १५ टक्क्यांच्या खाली असेल, त्याची नोंद छायाचित्रासह दिली जाईल आणि पावसाचे दिवस मुदतीत धरले जाणार नाहीत. भाव कमी करायला तयार हो, हवे तर कठडे फुकट घासून दे, पण या कलमातला एक शब्द सोडू नकोस. त्यांनी नाही म्हटले तर तो कागद घेऊन माझ्याकडे ये. जूनमध्ये माझ्याकडे तीन डेक आहेत, त्यांतले दोन तू कर. मसुदा पाठवण्याआधी मला दाखव, आणि माझे जुने मीटर गॅरेजच्या डाव्या कपाटात आहे, ते येऊन घेऊन जा. त्यातली बॅटरी बदलावी लागेल.

तुझा,
काका