पाट्या वाचतोय? वाचू द्या!

ताई, लेक दुकानांच्या पाट्या वाचायला लागलाय म्हणता, म्हणजे गाडी रुळावर आलीय. सोलापुरात नवी पेठेच्या बाजारातून जाताना घाई करू नका. ‘चादर’, ‘टॉवेल’, ‘शेंगा चटणी’ अडखळत का होईना, वाचू द्या. चुकला तर लगेच टोकू नका, दोन पावलं पुढं जाऊन तोच मागं वळून बघतो. बालभारतीचं ‘किशोर’ हे मुलांचं मासिक १९७१ पासून निघतंय, तिथून सुरुवात करा. जुने अंक ऑनलाइन आहेत, पण हातात कागदच द्या. घरात तेलुगू-कन्नड बोलता? बोला बिनधास्त, मराठी वाचन त्यानं अडत नाही. आणि ‘काय समजलं सांग’ हे बंद! शाळेत तेच चालतं. मे महिन्याच्या दुपारी कूलरपुढं पालथा पडून वाचत असला, तर जेवायला दोनदाच हाक मारा.