स्पेक्ट्रोस्कोपीचा आलेख एकाचा स्वच्छ, दुसऱ्याचा गचाळ: चुकतं कुठे?

तुम्ही विचारलंय की सोलापुरात एमआरआय टेक्निशियनचं शिकताना दीड टेस्लाच्या मशीनवर मेंदूची स्पेक्ट्रोस्कोपी (मेंदूतल्या रसायनांचा शिखरांच्या रूपातला आलेख) घेता, सेटिंग तीच ठेवता, तरी एका पेशंटचा आलेख सुरेख येतो आणि दुसऱ्याचा नुसता खडबडीत. शिवाय नातेवाईक विचारतात, यात सेरोटोनिन-डोपामिन कळतं का?

बहुतेक वेळा दोष शिमिंगचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्र एकसारखं करण्याचा असतो, आणि शिम बिघडतो तो व्हॉक्सेल, म्हणजे ज्या ठोकळ्याएवढ्या भागातून सिग्नल घ्यायचा तो, चुकीच्या जागी ठेवल्यामुळे. हिशोब करून बघा. आलेखावर शिखराची जागा पीपीएममध्ये (दशलक्षांशात) मोजतात; दीड टेस्लाला १ पीपीएम म्हणजे जवळपास ६४ हर्ट्झ. मेंदूतल्या रसायनांपैकी कोलीन ३.२ वर, क्रिएटीन ३.० वर, दोघांत अंतर जेमतेम १३ हर्ट्झ. पाण्याच्या शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी १५ हर्ट्झ आली, तर ही दोन शिखरं एकमेकांत मिसळणारच. मग मशीन छापतं ते कोलीन-क्रिएटीनचं गुणोत्तर कशाचं? आकडा मशीन कसल्याही आलेखातून काढून देतं, म्हणून मी आधी रुंदी बघतो. ५ ते ७ हर्ट्झ असेल तर पुढे जायचं. १० च्या वर गेली तर स्कॅन सुरू करायचाच नाही. ठोकळा थोडा सरकवायचा आणि पुन्हा शिम करायचा.

सरकवायचा कुठे, तर हाड, सायनसमधली हवा, जुना रक्तस्राव, कॅल्शियम आणि ऑपरेशनची क्लिप यांच्यापासून दूर. कानामागच्या हाडाजवळ किंवा कवटीच्या तळाशी गाठ असेल तर चांगला आलेख मिळणं मुळातच अवघड. तसं रेडिओलॉजिस्टना आधीच सांगून टाका. केसातल्या पिना, कानातलं, काढता येणारी कवळी हे सगळं टेबलावर झोपवण्याआधी निघालं पाहिजे.

डोक्याच्या कातडीखालच्या चरबीबद्दल मात्र सावध राहा, कारण ती आलेख बिघडवते आणि निदानही. आपल्याकडे कितीदा तरी प्रश्न हाच असतो की फिट आलेल्या पेशंटच्या मेंदूतली गाठ टीबीची आहे की ट्यूमर. ट्यूबरक्युलोमात (टीबीच्या गाठीत) ०.९ आणि १.३ पीपीएमला लिपिडची, म्हणजे चरबीची, ठळक शिखरं येतात, एनएए (निरोगी चेतापेशींची खूण असलेलं रसायन) जवळजवळ दिसत नाही. आता ठोकळ्याची कड कवटीला टेकली तर चरबीचा सिग्नल नेमका १.३ ला येऊन बसतो आणि टीबीचा खोटा पुरावा उभा राहतो! सहाही बाजूंना सॅच्युरेशन बँड (बाहेरचा सिग्नल दाबणारे पट्टे) लावा आणि कवटीपासून निदान सेंटिमीटरभर अंतर ठेवा. तरी लिपिड दिसलंच तर दुसऱ्या बाजूच्या निरोगी भागात, तितक्याच अंतरावर तोच ठोकळा ठेवून घ्या. तिथेही लिपिड आलं तर ते बाहेरून झिरपलेलं समजा. खऱ्या लिपिडनेही एकट्याने निदान ठरत नाही, कारण आतून सडलेल्या घातक ट्यूमरमध्येही ते येतं.

गाठ लहान म्हणून ठोकळा लहान करायचा मोह होतो. २ सेंटिमीटर बाजूचा ठोकळा ८ मिलिलिटरचा. बाजू दीड सेंटिमीटर केली की ३.४ मिलिलिटर, म्हणजे सिग्नल निम्म्याहून कमी. टीआर (दोन मोजण्यांमधला वेळ) २ सेकंद आणि १२८ ॲव्हरेज (तितक्या वेळा मोजून सरासरी) धरले तर मोठ्या ठोकळ्याला सव्वाचार मिनिटं लागतात. तितकाच स्वच्छ आलेख लहान ठोकळ्यातून हवा असेल तर साधारण २४ मिनिटं, कारण सिग्नल जितक्या पट घटतो त्याच्या वर्गाइतका वेळ वाढतो. इतका वेळ कोण निश्चल पडून राहील?

हालचाल हा दुसरा शत्रू. अक्कलकोटकडचा पेशंट कन्नड बोलणारा, पूर्व भागातली आजी तेलुगू बोलणारी. आत सरकवण्यापूर्वी ‘अल्लाडबेडी’, ‘कदलवद्दु’ (हलू नका) एवढं त्यांच्या भाषेत सांगितलं तरी फरक पडतो.

टीई (सिग्नल टिपण्याआधी थांबायचा वेळ, मिलिसेकंदांत) एकच घेऊ नका. ३० ला मायो-इनोसिटॉल हे रसायन आणि लिपिड नीट दिसतात. १४४ ला लॅक्टेटचं १.३३ चं जोडशिखर उलटं होऊन खाली जातं आणि लिपिडपासून वेगळं ओळखू येतं. शक्यतो गॅडोलिनियमचं (कॉन्ट्रास्टचं) इंजेक्शन देण्याआधी घ्या, त्याने कोलीनचं शिखर थोडं बदलू शकतं. आणि डीटीआयच्या (मेंदूतल्या तंतूंच्या स्कॅनच्या) लगेच मागे लावू नका. त्यातल्या ग्रेडियंटनी (झपाट्याने बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रांनी) मशीनमधलं शिमचं लोखंड तापतं, फ्रिक्वेन्सी सरकत राहते, पाण्याचा सिग्नल नीट दबत नाही.

मशीनवरच शंका असेल तर फँटम (चाचणीसाठीचा द्रव भरलेला डबा) लावा. पण मे महिन्यात तो स्टोअररूममधून आणून तसाच आत ठेवू नका. पाण्याचं शिखर दर अंशाला ०.०१ पीपीएम सरकतं आणि आतून गरम, बाहेरून गार अशा फँटमचा शिम कधीच जुळत नाही. आदल्या रात्रीच मॅग्नेट रूममध्ये नेऊन ठेवा.

सेरोटोनिन आणि डोपामिन? नाही कळत. एनएए मेंदूत लिटरला ८ ते १० मिलिमोल असतं, तरी ते पाण्याच्या हजारो पटींनी मोठ्या सिग्नलखालून उकरून काढावं लागतं. ही दोन रसायनं त्याहून इतकी कमी की त्यांचा मागमूस लागत नाही. गाबा हे मेंदूतलं आणखी एक संदेशवाहक रसायन १ मिलिमोलच्या आसपास, तोही क्रिएटीनखाली दडलेला. त्यासाठी मेगा-प्रेस नावाचा खास सिक्वेन्स, शक्यतो ३ टेस्लाचं मशीन, ३ सेंटिमीटरचा ठोकळा आणि दहाएक मिनिटं लागतात. नैराश्याचं कारण या तपासणीत सापडेल अशी आशा नातेवाइकांना लावू नका, खर्च त्यांचा होतो.

रिपोर्टिंगला पाठवताना दोन्ही टीईचे आलेख, तिन्ही दिशांनी ठोकळ्याची जागा दाखवणाऱ्या प्रतिमा आणि पाण्याच्या शिखराची रुंदी एकत्र पाठवा. नुसत्या गुणोत्तरांचा तक्ता पाठवू नका.