जपानची 'हाकुताका' एक्स्प्रेस का बंद केली? तुमच्यापैकी कुणी तिने गेलंय का?

मी गेलोय. २०१३च्या फेब्रुवारीत कामानिमित्त तोयामाला जाताना आणि परत येताना.

तोक्योहून शिनकान्सेनने, म्हणजे जपानच्या बुलेट ट्रेनने, एचिगो-युझावाला उतरायचं आणि तिथे हाकुताका पकडायची. बाहेर पुरुषभर बर्फ साचलेला. मुइकामाचीहून गाडी होकुहोकु मार्गावर शिरली की वेग ताशी १६० किलोमीटरपर्यंत जायचा, तोही १०६७ मिलिमीटरच्या रुळांवर! आपल्या ब्रॉडगेजपेक्षा हे रूळ ६० सेंटिमीटरनी अरुंद. जपानात अशा रुळांवर एरवी १३०च्या पुढे जात नाहीत. हा मार्ग मात्र बहुतेक बोगद्यांतून आणि उंच पुलांवरून जातो, फाटकांचा त्रास नाही. १३०च्या वर जायची परवानगी देणारा सिग्नलही वेगळा होता, एकाच वेळी दोन हिरवे दिवे.

तो वेग खरा कळला तो मिसाशिमा स्टेशनवर. हे स्टेशन साडेदहा किलोमीटर लांबीच्या बोगद्यात आहे. रविवारी मुद्दाम लोकलने तिथे उतरलो. फलाटावर थांबू देत नाहीत, आपली गाडी येऊन उभी राहिली की मगच लोखंडी दार उघडतं. दाराआड बसलो होतो. आधी फटीतून वाऱ्याची शीळ आली, ती वाढत गेली, मग दार थडथडायला लागलं आणि हाकुताका पलीकडून निघून गेली. डोळ्यांना काहीच दिसलं नाही, पण अंगावर काटा आला.

ही गाडी तोट्यात होती म्हणून बंद केली, हा समज चुकीचा आहे. १४ मार्च २०१५ला होकुरिकु शिनकान्सेन तोयामामार्गे कानाझावापर्यंत, म्हणजे हाकुताकाच्या शेवटच्या स्टेशनपर्यंत, पोचली. तोक्यो ते कानाझावा या ज्या प्रवासाला गाडी बदलून पावणेचार तासांच्या आसपास लागायचे, तो थेट अडीच तासांवर आला. आदल्याच दिवशी हाकुताका शेवटची धावली. नाव तेवढं शिनकान्सेनच्या एका गाडीला दिलं. हाकुताका म्हणजे पांढरा ससाणा, तोयामाजवळच्या तातेयामा डोंगराच्या दंतकथेतला.

मला जीव लागलाय तो मागे राहिलेल्या त्या ५९ किलोमीटरच्या होकुहोकु मार्गाला. होकुएत्सु एक्स्प्रेस ही छोटी कंपनी तो चालवते आणि तिचं पोट हाकुताकावरच होतं. शिनकान्सेन आली की ही कमाई थांबणार, हे ठाऊक असल्याने त्यांनी आधीच हजार कोटी येनहून जास्त गंगाजळी बाजूला ठेवली. गावागावांत थांबणाऱ्या लोकल आजही तिच्या आधारावर धावतात.

तिकडे गेलात तर एचिगो-युझावाहून लोकल घ्या आणि मिसाशिमाला उतराच. फक्त परतीच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा.