पट्टा, चाकं आणि विमान

कोडं असं: धावपट्टीच्या जागी सरकता पट्टा आहे आणि तो विमानाला तोडीस तोड वेगाने उलटा पळतो, तर विमान उडेल का? विमान उडेल. पण उत्तर पाठ करू नकोस, आधी बळांची आकृती काढ. गाडी चाकांनी रस्ता मागे ढकलते, म्हणून सरकत्या पट्ट्यावर ती जागच्या जागी राहू शकते. विमानाची चाकं मात्र नुसती मोकळी फिरतात. त्याला पुढे नेतो तो पंखा किंवा जेट, हवा मागे ढकलून. सेसना १७२ हे छोटं विमान साधारण ताशी १०० किलोमीटरला जमीन सोडतं. पट्टा तेवढ्याच वेगाने उलटा पळाला तर चाकं २०० च्या वेगाने फिरतील, बेअरिंगचं घर्षण किंचित वाढेल, बस्स.

भांडणं होतात ती प्रश्नाच्या शब्दांवरून. पट्ट्याचा वेग नक्की कशाइतका, विमानाच्या की चाकांच्या? हे आधी विचारच. ‘चाकांच्या’ म्हटलं, तर चाकं न घसरता विमान पुढे सरकताच ती अट मोडते, म्हणजे प्रश्नच फसवा. २००८ मध्ये ‘मिथबस्टर्स’ या टीव्ही कार्यक्रमवाल्यांनी ट्रकने लांबलचक ताडपत्री ओढून त्यावरून खरं हलकं विमान उडवून दाखवलं. तो भाग बघ, पण आकृती काढून झाल्यावर. मग उलट वाऱ्याचं गणित घे: समोरून पुरेसा जोराचा वारा असेल, तर धावपट्टीवर जवळजवळ न धावताही हलकं विमान उचललं जातं.