सी लायब्ररीच्या जावास्क्रिप्ट बाइंडिंगमध्ये इम्पोर्टची रचना कशी ठेवावी?

बाइंडिंग म्हणजे सी लायब्ररी जावास्क्रिप्टमधून वापरू देणारा थर. त्यात एका ओळीत लायब्ररी मिळावी आणि न लागणारी फंक्शन्स सुरुवातीलाच लोड होऊ नयेत, हे दोन्ही एकत्र जमतं.

आधी नाव आणि व्हर्जन एकाच ठिकाणी आणा. जीजेएस या ग्नोमच्या जावास्क्रिप्ट बाइंडिंगमध्ये जीटीके ही खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी घ्यायला पूर्वी ‘इम्पोर्ट्स.जीआय.जीटीके’ असं लिहायचं आणि व्हर्जन त्याआधी वेगळ्या ओळीत ठरवायचं. दुसऱ्या फाइलने तीच लायब्ररी आधी मागितली की ती ओळ निरुपयोगी. ईएस मॉड्यूल (जावास्क्रिप्टची प्रमाणित इम्पोर्ट पद्धत) आल्यावर ‘जीआय://जीटीके?व्हर्जन=४.०’ असा पत्ता थेट इम्पोर्टमध्येच देता येऊ लागला. तुम्हीही हेच करा. एक व्हर्जन लोड झाल्यावर कुणी दुसरं मागितलं तर तिथल्या तिथे एरर द्या, दोन्ही व्हर्जनची नावं सांगून. जीटीके ३ आणि ४ एका प्रोसेसमध्ये चालतच नाहीत.

लेझी लोडिंग (लागेल तेव्हाच लोड करणं) हवं असेल तर डिफॉल्ट एक्स्पोर्टच द्या, म्हणजे एकच ऑब्जेक्ट, आणि ते प्रॉक्सी ठेवा: तिची प्रॉपर्टी वाचली की तुमचं ‘गेट’ ट्रॅप नावाचं फंक्शन चालतं. महिरपी कंसातली नावं कोड चालण्याआधी, लिंकिंगच्या वेळी जुळवली जातात. प्रॉक्सी ती तेव्हा पुरवू शकत नाही. तशी नावं द्यायचीच असतील तर मेटाडेटावरून (लायब्ररीतल्या फंक्शन्सच्या यादीवरून) बिल्डमध्ये फाइल जनरेट करावी लागेल.

प्रॉक्सीत सगळ्यात जास्त घोळ ‘देन’ या प्रॉपर्टीचा होतो. असिंक फंक्शनमधून प्रॉक्सी परत केली की इंजिन तिच्यावर ‘देन’ शोधतं. तुमच्या ‘गेट’ ट्रॅपने अनोळखी नावाला एरर फेकली तर प्रॉमिस रिजेक्ट होतं. त्याहून वाईट म्हणजे ट्रॅपने प्रत्येक नावाला एक स्टब (नुसतं जागा धरणारं) फंक्शन दिलं, तर इंजिन त्यालाच खरं ‘देन’ समजून कॉल करतं आणि अवेट कायमचं अडकतं, एररही दिसत नाही. ‘जेसन.स्ट्रिंगिफाय’सुद्धा असंच ‘टूजेसन’ मागतं. म्हणून ट्रॅपमध्ये आधी मागितलेली ‘की’ (प्रॉपर्टीचं नाव) सिम्बॉल आहे का ते बघा. असेल तर सरळ टार्गेटवरचं मूल्य द्या. ‘देन’ आणि ‘टूजेसन’ला अनडिफाइन्ड द्या. बाकी नावं मेटाडेटात असतील तरच नेटिव्ह बाजूला शोधा आणि सापडलेलं फंक्शन टार्गेटवर साठवून ठेवा, नाहीतर दर कॉलला नवा रॅपर (नेटिव्ह फंक्शनभोवतीचं जावास्क्रिप्ट फंक्शन) बनेल आणि दोनदा वाचलेलं तेच फंक्शन ‘===’ने जुळणार नाही.

सी कोडचं वेबअसेंब्ली बिल्ड असेल तर टॉप-लेव्हल अवेटने (फंक्शनबाहेर, मॉड्यूलमध्ये थेट लिहिलेल्या अवेटने) इनिशियलायझेशन इम्पोर्टमध्ये लपवता येतं, पण अशा मॉड्यूलवर नोडमध्ये ‘रिक्वायर’ चालत नाही. कॉमनजेएसवाले, म्हणजे ‘रिक्वायर’ वापरणारे, युजर असतील तर वेगळं ‘इनिट’ फंक्शन ठेवा, हे मी ठामपणे सांगेन.