रस्त्याचं पहिलं पाणी वाफ्यात घेऊ नका

प्रश्न : रत्नागिरी शहराच्या कडेला, मोठ्या रस्त्याच्या उताराखाली आमची आठ गुंठे भाजीची जागा आहे. लाल माठ, मुळा, पालक करतो. पहिल्या पावसात रस्त्याचं काळं पाणी वाफ्यात उतरतं, त्यात शिसं असतं म्हणतात. खतवाला म्हणतो, चिलेट ओता, जमीन साफ होईल. ओतू का?

उत्तर : अजिबात नको. चिलेट म्हणजे धातूला पकडून पाण्यात विरघळतं ठेवणारं रसायन. ईडीटीए हे त्यातलंच एक, ते जमिनीत ओतलं की मातीने धरून ठेवलेलं शिसं सुटतं आणि मुळांकडे, विहिरीकडे निघतं. जड धातू कुजत नाहीत. बाटलीने जमीन साफ होत नाही, दुकानदाराचा गल्ला तेवढा भरतो.

उन्हाळाभर टायर झिजून जस्त, ब्रेक झिजून तांबं, शिवाय धूर आणि धूळ रस्त्यावर साचते. शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं, पण तेव्हाचं शिसं कडेच्या मातीत अजून आहे. मृगाच्या पहिल्या दोन-तीन सरी हे सगळं एकदम खाली आणतात. म्हणून वरच्या अंगाला चर आणि बांध मे महिन्यातच. जूनमध्ये कुदळ घेऊन धावणारे मला दरवर्षी भेटतात, तोवर घाण वाफ्यात बसलेली असते. पाणी गवताळ सखल जागेत सोडा, शेजाऱ्याच्या वाडीत नको. आणि गटार उपसून निघालेला काळा गाळ माडा-केळीच्या बुंध्याला घालू नका. फुकटचं खत नव्हे ते!

आपली जांभ्याची जमीन आंबट, त्यात कॅडमियम (हाही शिशासारखा विषारी जड धातू) आणि जस्त मुळांना सहज मिळतं. सामू, म्हणजे जमिनीचा आंबटपणा सांगणारा पीएचचा आकडा, वाढून साडेसहाच्या आसपास आला की ते कमी होतं. त्यासाठी चुना, पण माती तपासून. 'एकरी इतक्या गोण्या' हा दुकानी हिशोब ऐकू नका. चुना जास्त झाला की लोह, जस्त, बोरॉन अडकतं, पानं पिवळी पडतात, मग तोच दुकानदार सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली विकतो. चुना पेरणीआधी दोन-तीन आठवडे, युरियासोबत कधीच नाही. नत्र अमोनिया होऊन उडून जातं. कुजलेलं शेणखत मात्र भरपूर घाला, धातू धरून ठेवतं.

मृद आरोग्य पत्रिका काढाच, सामू आणि सेंद्रिय कर्ब कळेल. शिसं, कॅडमियम त्यात नसतं. ती तपासणी कुठे होईल ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात विचारा.

खरं सांगू? या जागेवर पालेभाजी सोडा, मांडव घाला. पडवळ, दोडकी, कारली करा. पानं आणि मुळं धातू साठवतात तेवढा फळात सहसा येत नाही. मी हेच सगळ्यांना सांगतो, लोक मांडवाच्या खर्चाला कुरकुरतात. माठ हवाच असेल तर रस्त्यापासून सगळ्यात लांबच्या वाफ्यात. धुतल्याने पानावरची धूळ जाते, मुळातून चढलेलं कॅडमियम जात नाही. मुळा तर तिथे नकोच.