चोच वासून बसलेला पक्षी आजारी असतो का?

प्रश्न : मागच्या मे महिन्यात आम्ही जैसलमेरला गेलो होतो. भर दुपारी खेजडीच्या सावलीत साळुंक्या चोच वासून, पंख अंगापासून सोडवून बसलेल्या दिसल्या. त्या आजारी होत्या का? मैलोन् मैल पाणी नसलेल्या मुलखात पक्षी जगतात तरी कसे? यंदा उन्हाळ्यात सोलापूरकडच्या माळरानावर जायचं ठरतंय. तिथे पक्षी जमिनीवरच घरटी करतात असं ऐकलं. घरट्याजवळ पाण्याचं भांडं ठेवलं तर चालेल ना?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : साळुंक्या आजारी नव्हत्या, अंग गार करत होत्या. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथीच नसतात. त्यामुळे तोंडातल्या आणि श्वासमार्गातल्या ओलाव्याची वाफ होऊ देणं हा त्यांचा मोठा उपाय. साळुंकी, चंडोल धापा टाकतात. पण धापा टाकायलाही स्नायू राबतात आणि त्यातून आणखी उष्णता तयार होते. रातवा चोच उघडून फक्त गळ्याची पातळ कातडी भराभर थरथरवतो. त्यात कष्ट फार कमी. होल्यांच्या तर कातडीतूनच बरंच पाणी उडून जातं.

पण गारवा मिळवायचा तर पाणी खर्चावं लागतं, आणि वाळवंटात तेच नसतं. म्हणून पक्षी आधी तो खर्च टाळायचा बघतो. पक्ष्याच्या अंगाचं तापमान एरवी ४० ते ४२ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून थंड असेल तोवर अंगातली उष्णता आपसूक बाहेर जाते. हवा तापली की बरेच पक्षी अंगाचं तापमान दोन-तीन अंशांनी चढू देतात, म्हणजे हवेपेक्षा अंग गरम राहतं आणि पाणी वाचतं. जैसलमेरच्या शेजारच्याच फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदलं गेलं. एवढ्या उन्हात ही युक्ती पुरत नाही. मग सावली धरून हालचाल बंद, नाहीतर वाफ. अरबस्तानातले काही चंडोल दुपारी सरळ मोठ्या सरड्यांच्या बिळांत शिरतात. शिकारी पक्ष्यांना भक्ष्याच्या मांसातून पाणी मिळतं. दाणे टिपणाऱ्यांना ती सोय नाही, त्यांना पाणवठा गाठावाच लागतो.

इथे पखुर्डीबद्दल लिहिल्यावाचून मला राहवत नाही. राजस्थानात तिला भटतितर म्हणतात, आपल्या माळांवरही ती आहे. कोरड्या बियांवर जगणारा हा पक्षी. पिल्लं अंड्यातून निघाल्यावर लवकरच चालू लागतात, दाणे स्वतः टिपतात, पण उडता येत नसल्याने पाण्यापर्यंत पोचू शकत नाहीत. मग पाणी त्यांच्याकडे येतं, बापाच्या पोटाच्या पिसांतून. नर आधी कोरड्या मातीत पोट घासतो, त्याने पिसांवरचं तेल निघतं. मग उथळ पाण्यात उतरतो, पंख आणि शेपटी वर धरतो आणि अंग खालीवर डोलवत पोट भिजवत राहतो. ही पिसं जवळून पाहण्यासारखी आहेत. त्यांचे बारीक तंतू कोरडे असताना मळसूत्रासारखे गुंडाळलेले असतात; ओले झाले की उलगडून उभे राहतात आणि त्यांच्या दाट झुपक्यात पाणी धरून ठेवतात. आफ्रिकेतल्या नामाक्वा पखुर्डीचा नर असं सुमारे २५ मिलिलिटर पाणी धरू शकतो, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या जवळपास १५ टक्के. एवढं ओझं घेऊन तो कित्येक किलोमीटर उडत येतो आणि उभा राहतो. पिल्लं पोटाखाली धावतात आणि एकेक पीस चोचीत धरून निपटून पाणी पितात.

एडमंड मीड-वॉल्डो या इंग्रज पक्षिपालकाने हे पाहून १८९६ मध्ये लिहिलं, तेव्हा अनेकांनी विश्वास ठेवला नाही. टॉम केड आणि गॉर्डन मॅक्लीन या पक्षिशास्त्रज्ञांनी आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटात प्रत्यक्ष निरीक्षणं करून १९६७ मध्ये ते छापलं, तेव्हा कुठे शंका मिटली. सत्तर वर्षं एका बापाची मेहनत खोटी ठरली होती, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता तुमचं भांडं. कृपा करून घरट्याजवळ ठेवू नका. तुमची भावना चांगली आहे, पण पाण्याच्या आशेने कावळे आणि कुत्री येतील आणि अंडी त्यांच्या नजरेस पडतील. त्याहून मोठा धोका तुमच्या तिथे जाण्याचाच आहे. टिटवी, धाविक, पखुर्डी यांचं घरटं म्हणजे उघड्या जमिनीवरचा नुसता खळगा. दुपारी बारा वाजता त्यावर बसलेला पक्षी अंडी उबवत नसतो, त्यांच्यावर सावली धरून असतो. टिटवी तर पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंड्यांवर बसते. पखुर्डीत रात्री नर बसतो आणि दिवसभराचं ऊन मादी सोसते. तुम्ही जवळ गेलात की ती उठते आणि तापलेल्या मातीवर अंडी उघडी पडतात. चांगल्या फोटोसाठी एखाद्याने अर्धा तास तिथेच ठाण मांडलं, तर अंड्यांतले जीव भाजून निघू शकतात. हे मी माळावर पाहिलं आहे, म्हणून इतकं कळकळीने सांगते.

माळावर सकाळी साडेनवापर्यंत फिरा, गाडी रस्त्यावरच ठेवा आणि दुर्बिणीतून बघा. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की घरटं जवळ आहे असं समजा आणि आलात त्याच पावलांनी मागे फिरा, कारण अंडी मातीच्या रंगाची असतात आणि पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. भांडं ठाण्याला घरीच ठेवा : मातीचं, पसरट, दोन बोटं पाणी मावेल एवढं, सावलीत. पाणी रोज बदला आणि आत एक खडा टाका, म्हणजे चिमण्यांना उभं राहायला जागा मिळेल.